सब-मीटर

दिवाळी अंकांची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या कॅलेंडरातून सप्टेंबरचं पान कुणीतरी आधीच फाडून नेलेलं असतं. त्या वर्षीही तसंच झालं होतं. समोर एका कथेचं दुसरं मुद्रित, शेजारी गार झालेला चहा, आणि चार जीबी रॅमचा लॅपटॉप. 'अजून चालतोय की' एवढ्या एकाच निकषावर मी तो आठ वर्षं सांभाळला होता. कथेत एक शब्द अडला. लेखकाने तो जुन्या अर्थाने वापरलाय की हात घसरलाय, ते कळेना. म्हणून मोल्सवर्थकडे गेले. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीचा हा कोश शिकागो विद्यापीठाने कधीच संकेतस्थळावर आणून ठेवलाय, आणि माझ्या ब्राउझरात त्याचा टॅब नंदादीपासारखा कायम तेवत असतो.

टॅबवर टिचकी मारली. पान पांढरं झालं. कर्सरच्या जागी चक्र फिरायला लागलं. हार्ड डिस्कचा बारीक दिवा लुकलुकायचा थांबून सलग पेटून राहिला, आणि पंखा असा काही घोंघावायला लागला की आपण कुकर लावून विसरलो की काय म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले.

पुण्याला भाच्याला फोन केला. तो असल्या कामात तरबेज आहे, आणि आत्याचा फोन उचलला नाही तर वडिलांकडून बोलणी बसतात हेही त्याला माहीत आहे.

"आत्या, टॅब किती उघडे आहेत?"

"असतील दहा-बारा."

"मोज."

सदतीस निघाले.

"आणि एक्स्टेन्शनं किती आहेत?"

"ती कुठली? मी काही बसवलेलं नाही बाबा."

"बरं. शिफ्ट दाबून ठेव आणि एस्केप दाब."

लॅपटॉपने विचार करायला दोन मिनिटं घेतली. मग एक खिडकी उघडली. ब्राउझरच्या पोटात त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर असतो हे मला तेव्हा कळलं. विंडोजचा टास्क मॅनेजर ब्राउझरच्या नावाच्या एकसारख्या पंधरा-वीस ओळी दाखवतो आणि त्यातली कुठली कशाची ते कळू देत नाही. इथे प्रत्येक ओळीला नाव होतं. हा टॅब इतका, तो टॅब इतका. आणि त्यांच्या मधे मधे, 'एक्स्टेन्शन' असा शब्द आधी लावून, एकेक अनोळखी नाव.

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जादा काम शिकवायला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम. अनोळखी कसलं. सगळी मीच बोलावलेली होती.

आम्ही साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत एका वाड्यात भाड्याने राहायचो. वाड्यात पाच बिऱ्हाडं आणि विजेचं मीटर एक. बिल मालकांच्या नावाने यायचं आणि ते पाचांत सारखं वाटलं जायचं. दर महिन्याला चौकात तोच संवाद: बिल एवढं येतंच कसं? संशय नेहमी मालकांवर. त्यांच्याकडे फ्रीज होता ना. अखेर एक दिवस मालक चिडले, वायरमनला बोलावलं आणि प्रत्येक बिऱ्हाडाला सब-मीटर बसवलं. पहिल्या महिन्याचे आकडे आले तेव्हा सगळ्यात मोठा आकडा आमचा होता. बाबा दोनदा खाली जाऊन मीटर वाचून आले. मग आईला आठवलं: पाणी तापवायचा रॉड. मोठ्या काकूंच्या बाळंतपणात रात्री-अपरात्री गरम पाणी लागेल म्हणून आणला होता. काकू महिन्याभरात बाळाला घेऊन आपल्या घरी गेल्या. रॉड मात्र रोज पहाटे साडेपाचला बादलीत पडत राहिला. तो आपण आणलाय, तो वीज खातो, हेच घरातल्या कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तोवर आम्ही मालकांच्या फ्रीजवर डोळा ठेवून होतो.

ब्राउझरची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

माझ्या यादीत अकरा एक्स्टेन्शनं होती. एक इंग्रजी व्याकरण तपासणारं, कुण्या प्रकाशकाने एकदा इंग्रजी प्रस्तावना पाठवली होती तेव्हाचं. एक पानाचं छायाचित्र घेणारं. दोन पीडीएफवाली, कारण पहिलं बसवलंय हे दुसरं बसवताना आठवलं नाही. एक रात्री पान काळं करणारं. एक खरेदीची कूपनं शोधणारं, भाचीच्या लग्नात साड्या बघताना आपोआप आल्यासारखं आलेलं. एक जाहिराती अडवणारं. एक मराठी टंकनाचं, जे मी विंडोजचा मराठी कळफलक लावल्यापासून वापरतच नव्हते. एक टॅब झोपवणारं, मेमरी वाचवण्यासाठी. त्याच्यासमोरचा आकडा बघून भाचा फोनवर हसला. उरलेल्या दोनांबद्दल मला आजही काही सांगता येणार नाही. मोल्सवर्थचा बिचारा टॅब या सगळ्यांच्या खाली, जेमतेम चाळीस एमबीवर बसला होता. व्याकरणवालं त्याच्या पाचपट.

हे आकडे ताळेबंदासारखे बेरीज करायचे नसतात, हे भाच्याने लगेच बजावलं. काही मेमरी अनेक प्रक्रियांमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये, सामायिक असते आणि ती मोजणीच्या पद्धतीप्रमाणे दोन-तीनदा मोजली जाऊ शकते. शिवाय रॅम भरलेली असणं हा काही गुन्हा नव्हे. रिकामी पडलेली रॅम कुणाच्या उपयोगाची? ज्यांच्याकडे सोळा जीबी आहे त्यांनी हा युक्तिवाद खुशाल करावा. चार जीबीत विंडोज आपला वाटा आधीच उचलतं, आणि उरलेल्यात दाटी झाली की मेमरीतलं सामान हार्ड डिस्कवर हलवायला लागतं. तो सलग पेटलेला दिवा म्हणजे तीच हलवाहलव. रॅमच्या मानाने फिरती हार्ड डिस्क ही बैलगाडी. एक टॅब बदलायचा तर आधी दुसऱ्याचं सामान गाडीत चढवा, मग पहिल्याचं उतरवा.

त्या रात्री काम संपवल्यावर मी या विषयाच्या मागे लागले. मुद्रितशोधकाला एकदा चूक दिसली की तिचं मूळ गाठल्याशिवाय झोप लागत नाही, हा आमच्या धंद्याचा रोग आहे.

फायरफॉक्स या ब्राउझरची कहाणी मला वाड्याच्या कहाणीची सख्खी बहीण वाटली. 9 नोव्हेंबर 2004 ला त्याची पहिली अधिकृत आवृत्ती आली, आणि लोक त्याच्या प्रेमात पडले ते बऱ्याच अंशी तिथल्या एक्स्टेन्शनांमुळे, म्हणजे अ‍ॅड-ऑन्समुळे. त्या काळी अ‍ॅड-ऑनला ब्राउझरच्या आतल्या कुठल्याही खोलीत जाता यायचं. भिंत पाडायची तर पाडा, खिडकी काढायची तर काढा. पुढची कित्येक वर्षं फायरफॉक्सबद्दल एकच तक्रार चालली: हा मेमरी खातो, आणि टॅब बंद केले तरी परत देत नाही. तक्रार खोटी नव्हती. ब्राउझरच्या स्वतःच्या चुका होत्याच. त्या शोधण्यासाठी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने 2011 मध्ये 'मेमश्रिंक' नावाचा प्रकल्प सुरू केला. निकोलस नेदरकोट त्याचे म्होरके. अ‍ॅड्रेसच्या पट्टीत 'अबाउट', अपूर्णविराम (कोलन) आणि 'मेमरी' लिहिलं की फायरफॉक्स आपल्या मेमरीचा बारीकसारीक हिशेब उघडून दाखवतो, त्यावर या मंडळींनी फार मेहनत घेतली. हे त्यांचं सब-मीटर.

हिशेब दिसायला लागल्यावर कळलं की गळतीतला मोठा वाटा अ‍ॅड-ऑन्सचा होता. व्हायचं असं: अ‍ॅड-ऑन एखाद्या पानातल्या कशाला तरी धरून ठेवायचं. वापरणारा पान बंद करायचा, पण अ‍ॅड-ऑनने बोट सोडलेलं नसायचं, म्हणून ब्राउझरला ती जागा मोकळी करता यायची नाही. पान मेलेलं, पण गेलेलं नाही. मोझिलाची माणसं याला 'झाँबी' म्हणायची. आपल्याकडे याला मुंजा हा शब्द तयार आहे. देह गेला तरी पिंपळ सुटत नाही. दिवसभरात शंभर पानं उघडून बंद करणाऱ्याच्या ब्राउझरात संध्याकाळपर्यंत मुंज्यांची वस्ती व्हायची.

हजारो अ‍ॅड-ऑन लिहिणाऱ्यांना एकेक करून गाठणं अशक्यच होतं. मग काइल ह्यूई या अभियंत्याने उलट्या बाजूने उपाय केला. पान बंद झालं की अ‍ॅड-ऑनने धरलेला धागा ब्राउझरनेच कापून टाकायचा. ऑगस्ट 2012 मधल्या फायरफॉक्स 15 पासून हे लागू झालं आणि अ‍ॅड-ऑन्सच्या गळत्यांची मोठी रांग एका फटक्यात थांबली. मला यात सगळ्यात भावलं ते हे की ब्राउझरने 'चूक तुमची' म्हणून हात वर केले नाहीत. शिव्या त्याने खाल्ल्या, आणि दुरुस्तीही त्यानेच केली. आमच्या वाड्याच्या मालकांनी सब-मीटरचा खर्च कुणाकडून घेतला नव्हता, ते आठवलं.

पण गळती हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार सज्जन आहे. त्यात कुणाची चूकच नसते.

जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडब्लॉक प्लसचं उदाहरण घ्या. मे 2014 मध्ये नेदरकोट यांनी त्याची मोजदाद जाहीर केली. ते नुसतं बसवलं की साधारण 60 ते 70 एमबी मेमरी वाढायची. ते एक वेळ चालेल. खरी मेख पुढे होती. पानावर जाहिरातीची रिकामी जागा दिसू नये म्हणून ते प्रत्येक पानाला लपवालपवीच्या नियमांचा एक भलामोठा तक्ता चिकटवायचं, आणि पानाच्या आत दुसरी चौकट असली, जी हल्ली पानोपानी असतेच, तर तिलाही वेगळा तक्ता. दर चौकटीमागे सुमारे 4 एमबी. चारशेहून जास्त चौकटी असलेल्या एका चाचणीच्या पानावर मेमरी सुमारे 370 एमबीवरून 1960 वर गेली. एकाच पंचांगाची प्रत घरातल्या प्रत्येक खोलीत, कपाटात, आणि कपाटाच्या प्रत्येक खणात ठेवल्यासारखं.

मग एकच पंचांग सगळ्यांनी मिळून का वापरू नये? नेमकी हीच सुधारणा फायरफॉक्समध्ये 2001 पासून मागणीच्या यादीत पडून होती. चौदा वर्षांचं भिजत घोंगडं. सप्टेंबर 2015 मध्ये फायरफॉक्स 41 आला तेव्हा ते वाळत पडलं. तोवर रेमंड हिल यांचं यूब्लॉक येऊन वर्ष झालं होतं, आणि तेच काम कमी मेमरीत करतो अशी त्याची ख्याती झाली होती.

म्हणून 'एक्स्टेन्शनं काढा, मेमरी वाचवा' असा सरसकट सल्ला मी कुणाला देत नाही. जाहिराती अडवणारं चांगलं एक्स्टेन्शन स्वतः काही एमबी खातं आणि त्या बदल्यात पानावर येऊ घातलेले व्हिडिओ, मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट आणि डझनभर चौकटी दारातच अडवतं. बातम्यांच्या काही संकेतस्थळांवर हा सौदा रोख फायद्याचा ठरतो. मोल्सवर्थच्या पानावर, जिथे अडवायला काहीच नाही, तिथे तो तोट्याचा. सांगायचं एवढंच की एक्स्टेन्शन हे दुकानातून आणून फळीवर ठेवलेलं सामान नसतं. बहुतेकांची दोन अंगं असतात. एक पडद्यामागे वेगळ्या प्रक्रियेत बसलेलं. आणि दुसरी त्याची स्क्रिप्ट, जी तुम्ही उघडलेल्या प्रत्येक पानात, बऱ्याचदा पानातल्या प्रत्येक चौकटीत, नव्याने शिरते. सदतीस टॅब आणि पानात शिरणारी सहा एक्स्टेन्शनं असली, तर सदतीस गुणिले सहा ठिकाणी कुणी ना कुणी टपून बसलेलं. मोल्सवर्थच्या त्या साध्या पानावर माझं व्याकरणवालं 'तू काही इंग्रजी लिहितेस का' म्हणून वाट बघत होतं, आणि कूपनवालं तिथे काही विकत मिळतंय का ते शोधत होतं. 1857 च्या कोशावर सवलतीचं कूपन!

गूगलच्या क्रोम या ब्राउझरने 2 सप्टेंबर 2008 ला पहिलं पाऊल टाकलं तेच वेगवेगळ्या प्रक्रियांचा हट्ट धरून. एक टॅब कोसळला तर बाकीचे जगावेत, हा हेतू. प्रत्येकाला वेगळी चूल मांडून द्यायची म्हणजे भांडी जास्त लागणार, हे उघड होतं. पुढे जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष जगापुढे आला, आणि एका संकेतस्थळाने दुसऱ्याच्या मेमरीत डोकावू नये म्हणून त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाची चूल वेगळी केली. गूगलनेच सांगितल्याप्रमाणे त्यापायी एकूण मेमरी 10 ते 13 टक्क्यांनी वाढली. ही वाढ मी हसत सोसते. कुलपाला लोखंड लागणारच.

आता त्या झोपवणाऱ्याकडे वळते. माझ्याकडे होतं ते कुठलंतरी दुय्यम एक्स्टेन्शन. या जातीतलं गाजलेलं नाव म्हणजे 'द ग्रेट सस्पेंडर'. न वापरलेल्या टॅबला झोपवायचं आणि मेमरी मोकळी करायची, इतकं साधं आणि उपकारक काम. वीस लाखांवर लोक ते वापरत होते. त्याच्या मूळ कर्त्याने 2020 च्या जूनमध्ये ते विकलं. घेणारा कोण, ते कुणालाच नीट कळलं नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या आवृत्तीत बाहेरून हवा तो कोड आणून चालवण्याची सोय असल्याचं जाणकारांच्या लक्षात आलं. 4 फेब्रुवारी 2021 ला गूगलने ते घातक म्हणून आपल्या एक्स्टेन्शनांच्या दुकानातून काढलं, आणि लोकांच्या ब्राउझरात होतं तिथेही बंद पाडलं.

पुढचा भाग मला जास्त चटका लावतो. झोपलेल्या टॅबचा पत्ता त्या एक्स्टेन्शनने स्वतःच्या पत्त्याच्या पोटात ठेवलेला असायचा. एक्स्टेन्शन गेलं, तसे ते टॅबही गेले. कुणाचा प्रबंध, कुणाचं घर शोधणं, कुणाचे पन्नास लेख, क्षणात नाहीसे. हिस्टरी उघडून त्या लांबलचक पत्त्यातला सुरुवातीचा भाग कापला की मूळ पत्ता हाती लागायचा, हे ज्यांना उमगलं त्यांनी रात्र जागून एकेक पान परत मिळवलं. रॉड, शेगडी, फ्रीज, काहीही असो, ते वीज खातं एवढाच प्रश्न असतो. एक्स्टेन्शन मात्र वीज खाता खाता तुमची पत्रंही वाचू शकतं. बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी ते मागतं आणि आपण 'हो' म्हणतो. मीही अकरापैकी कितीतरी वेळा म्हटलं असणार. शब्दन् शब्द तपासून पोट भरणारी बाई मी, आणि हे वाक्य मी एकदाही पूर्ण वाचलेलं नव्हतं.

आता ब्राउझरच टॅब झोपवतात. क्रोममध्ये 2022 च्या अखेरीस मेमरी सेव्हर आलं, इतरांचीही आपापली सोय आहे. पडद्यामागे कायम जागी बसणारी एक्स्टेन्शनंही क्रोमच्या नव्या नियमांनुसार अर्धा मिनिट काम नसलं की झोपवली जातात. याच नियमांनी जाहिराती अडवणाऱ्यांचे हातही बरेच आखडले. त्यावरून झालेली भांडणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि त्यात मी कुणाच्या बाजूची ते एव्हाना कळलं असेल.

एक्स्टेन्शनांवर मी एवढं तोंडसुख घेतेय, पण माझी या सगळ्याशी पहिली ओळख एका अ‍ॅड-ऑननेच करून दिली होती. युनिकोड, म्हणजे अक्षरांची सगळीकडे चालणारी एकच सांकेतिक पद्धत, रुळायच्या आधी मराठी वर्तमानपत्रांची संकेतस्थळं आपापले फाँट वापरायची. तो फाँट नसला की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे या भाच्याच्या वडिलांनी, तेव्हा फायरफॉक्सवर 'पद्म' नावाचं अ‍ॅड-ऑन बसवून दिलं. निरनिराळ्या भारतीय लिप्यांच्या खासगी फाँटांतला मजकूर ते जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलायचं. पान उघडलं की क्षणभर ती रांगोळी दिसायची, आणि मग डोळ्यांदेखत त्यातून मराठी उगवायची. मी हे करून दाखवायला शेजारणींना बोलावलं होतं. तेही पानापानात शिरायचं, तेही मेमरी खायचंच. मी कधी मोजली नाही. तशी जुन्या धाटणीची सगळी अ‍ॅड-ऑन्स 14 नोव्हेंबर 2017 ला आलेल्या फायरफॉक्स 57 ने बाद केली. तोवर वर्तमानपत्रं युनिकोडवर आली होती आणि 'पद्म'चं काम उरलं नव्हतं. काम संपल्यावर जाणं जमलेली गोष्ट मी फार कमी वेळा पाहिली आहे.

भाच्याने त्या दिवशी फोनवरच एक्स्टेन्शनं काढायला लावली. एकेकाचं नाव वाचायचं, 'हे कशाला बसवलं होतंस?' याला मी उत्तर द्यायचं, आणि उत्तर आलं नाही तर ते जायचं. जाहिराती अडवणारं राहिलं. मराठी टंकनाच्या वेळी मी जराशी घुटमळले. वापरत नव्हते, पण मराठी होतं. "आत्या," भाचा म्हणाला, "ते काही तुझं माहेर नाही." काढलं. ती दोन अनोळखी काढताना मात्र उगाच धाकधूक झाली, वाड्यातली कुणाची तरी वायर तोडतोय की काय अशी. काही झालं नाही. कुणी तक्रार घेऊन आलं नाही.

लॅपटॉप लगेच नवा झाला असं नाही. चार जीबी ते चार जीबीच. पण पंखा थांबला आणि दिवा पुन्हा लुकलुकायला लागला.

मग मोल्सवर्थचा टॅब उघडला. शब्द सापडला, लेखकाचा अर्थ बरोबर होता. समाधानाने मुद्रितावरची माझी शंका खोडायला गेले, तर संपादकांचा निरोप येऊन पडलेला: लेखकाने तो परिच्छेद गाळलाय, नवं मुद्रित पाठवतो.